ग्राफिक्स ड्रायव्हरच्या तक्रारी आणि डीएक्स ११, डीएक्स १२ की वल्कन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम अडखळतोय किंवा बंद पडतोय म्हटलं की दोन सल्ले ठरलेले: ‘ड्रायव्हर अपडेट कर’ आणि ‘डीएक्स १२ लाव’. (डीएक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टएक्स.) दोन्ही सल्ले कधी कधी लागू पडतात. पण का लागू पडले हे कळलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं आलंच. खालची उत्तरं मुख्यतः विंडोजवर खेळणाऱ्यांसाठी आहेत. लिनक्सचा एक आणि स्वतः गेम बनवणाऱ्यांचा एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

एपीआय म्हणजे काय आणि ड्रायव्हर नेमकं करतो काय?

एपीआय म्हणजे गेमने ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घ्यायची ठरलेली रीत: डायरेक्टएक्समधलं डायरेक्ट३डी, वल्कन, ओपनजीएल. गेम त्या रीतीने हुकूम सोडतो आणि ड्रायव्हर ते तुमच्या विशिष्ट कार्डाला कळतील अशा रूपात पुढे पाठवतो. शेडर, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि उजेड ठरवणारे छोटे प्रोग्राम, गेमसोबत अर्धकच्चे येतात. तुमच्या कार्डासाठी ते शेवटचे कंपाइल करण्याचं कामही ड्रायव्हरचंच.

डीएक्स ११ आणि ओपनजीएलमध्ये मेमरीत काय कुठे ठेवायचं, कोणतं काम कोणासाठी थांबवायचं, हे बहुतेक सगळं ड्रायव्हर सांभाळतो. गेमच्या प्रोग्रामरने ढिसाळपणा केला तरी ड्रायव्हर बराच सावरून घेतो. कार्ड कंपन्या तर गेमची फाइल ओळखून त्या गेमपुरतं ड्रायव्हरचं वागणं बदलतात. २०१५ साली विंडोज १० सोबत आलेल्या डीएक्स १२ मध्ये आणि २०१६ च्या वल्कनमध्ये ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात गेमकडे गेली. प्रोग्रामर तयारीचा असेल तर गेम वेगवान होतो, नसेल तर चुका थेट तुमच्या पडद्यावर येतात. हा एक फरक डोक्यात ठेवा, पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

नवा ड्रायव्हर आला की लगेच टाकायचा का?

सगळं नीट चालत असेल तर नाही. टाकायला तीन कारणं पुरेशी आहेत: नुकताच बाजारात आलेला गेम खेळायचा आहे, प्रकाशन टिपणात तुमचीच अडचण ‘दुरुस्त’ म्हणून नोंदवली आहे, किंवा सुरक्षेची त्रुटी बुजवली आहे. ते टिपण फार थोडे लोक उघडतात. त्यात ‘ज्ञात अडचणी’ अशी एक यादी असते आणि ती दुरुस्त्यांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी असते. तुमचा रोजचा गेम त्या यादीत असेल तर आठवडाभर थांबा.

एनव्हिडियाच्या गेम रेडी आणि स्टुडिओ ड्रायव्हरचा पाया एकच आहे. स्टुडिओ आवृत्त्या कमी वेळा येतात आणि व्हिडिओ संपादन, थ्रीडी अशा सॉफ्टवेअरवर तपासलेल्या असतात. त्यांवर गेम चालत नाहीत हा गैरसमज आहे.

माझी आवृत्ती कोणती? डिव्हाइस मॅनेजरमध्ये भलताच आकडा दिसतो.

तिथे विंडोजच्या पद्धतीचा आकडा असतो. एनव्हिडियाच्या बाबतीत त्याचे शेवटचे पाच अंक घ्यायचे आणि शेवटच्या दोनांआधी टिंब द्यायचं. ३१.०.१५.३७४२ दिसत असेल तर तुमचा ड्रायव्हर ५३७.४२. एएमडीसाठी एड्रेनालिन सॉफ्टवेअर उघडून पाहिलेलं बरं.

पडदा क्षणभर काळा होतो, मग गेम ‘डिव्हाइस रिमूव्हड’ किंवा ‘डिव्हाइस हंग’ म्हणत बंद पडतो. कार्ड गेलं का?

बहुतेकदा नाही. विंडोज व्हिस्टापासून एक राखणदार यंत्रणा आहे. ग्राफिक्स कार्डाने एखादं काम हातात घेऊन दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर कार्ड अडकलं असं समजून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. पूर्वी अशा वेळी अख्खा संगणक गोठायचा, आता डेस्कटॉप वाचतो. गेमच्या हातातलं ‘डिव्हाइस’ मात्र नाहीसं झालेलं असतं, म्हणून तो ही चूक दाखवून बाहेर पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदीत ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ क्रमांक दिसला, तर हेच घडलं आहे.

थोडक्यात, हा संदेश म्हणजे लक्षण आहे. कार्ड दोन सेकंद गप्प का बसलं, हे वेगळं शोधावं लागतं. मी शोधायला सुचवेन तो क्रम असा. आधी ओव्हरक्लॉक, म्हणजे कार्डाचा ठरलेल्यापेक्षा चढवलेला वेग, पूर्णपणे काढा, कारखान्यातून थोडं चढवून आलेलं कार्डही पन्नासेक मेगाहर्ट्झ खाली आणून पाहा. कमी व्होल्टेजवर चालवण्याची युक्ती केली असेल तर तीही काढा. ‘महिनोन्महिने चालत होतं’ हा पुरावा नव्हे, कारण नवा गेम कार्डाचे असे भाग कामाला लावतो जे जुन्या गेमने कधी हलवलेच नव्हते. मग तापमान, मग वीजपुरवठ्याच्या केबल. एकाच केबलच्या दोन शेपट्या एका मोठ्या कार्डाला जोडल्या असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. त्यानंतर रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून पाहा. एवढं सगळं झालं तरी चूक फक्त एकाच गेममध्ये येत असेल, तर संशय गेमवर किंवा त्या ड्रायव्हर आवृत्तीवर घ्यायला हरकत नाही. तेव्हा एक आवृत्ती मागे जा, किंवा गेममध्ये एपीआय बदला.

रजिस्ट्रीत ही दोन सेकंदांची मुदत वाढवून आठ किंवा दहा करा, असा सल्ला फिरत असतो. जड थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग आहे, कारण तिथे एकेक काम रास्तपणे लांबतं. गेममध्ये मात्र एका फ्रेमला दोन सेकंद लागत असतील तर दहाने काय साधणार? पडदा जास्त वेळ गोठलेला दिसेल, इतकंच.

जाता जाता: पडदा काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकदम दाबा. ड्रायव्हर तिथल्या तिथे नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा संगणक बंद करावा लागत नाही.

कार्डावर भरपूर मेमरी आहे, तरी ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येतो. हे कसं?

तुमचा प्रोसेसर इंटेल कोअरच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला, वरच्या श्रेणीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर ग्राफिक्स कार्डाकडे बघूच नका. अनरियल इंजिनवरचे गेम सुरू होताना शेडर उलगडतात आणि कंपाइल करतात. हे काम प्रोसेसरचं. या पिढ्यांतल्या काही प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती, त्यामुळे उलगडताना चूक व्हायची आणि इंजिन ती ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशा शब्दांत दाखवायचं. लोकांनी ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डं बदलली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

इंटेलने २०२४ मध्ये कारण मान्य केलं, मदरबोर्डच्या बायोसमधून मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या, दुरुस्त्या दिल्या आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत करा. पण झालेली इजा मायक्रोकोडने भरून येत नाही. नव्या बायोसनंतरही चूक येत असेल तर प्रोसेसर बदलून मागा.

इतर प्रोसेसरवर हा संदेश आला तर आधी विंडोजची पेज फाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बंद करून ठेवली आहे का ते पाहा. रॅम भरपूर आहे म्हणून ती बंद करणारे बरेच असतात.

ड्रायव्हर ‘स्वच्छ’ कसा बदलायचा?

दर वेळी झाडूनपुसून काढायची गरज नसते. नेहमीच्या अपडेटला कंपनीचा इन्स्टॉलर पुरतो, त्यात स्वच्छ इन्स्टॉलचा पर्यायही असतो. कार्डाची कंपनी बदलली, किंवा अपडेटनंतर विचित्र वागणं सुरू झालं आणि मागे जाऊनही गेलं नाही, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन वापरतात. एएमडीची स्वतःचीही क्लीनअप युटिलिटी आहे.

क्रम महत्त्वाचा. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. इंटरनेट तोडा, नाहीतर जुना निघताक्षणी विंडोज स्वतःच्या मर्जीचा टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये जाऊन साधन चालवा, पुन्हा सुरू करा, नवा टाका आणि मगच इंटरनेट जोडा.

विंडोज अपडेट परत परत जुना ड्रायव्हर टाकतं.

लॅपटॉपवर हे जास्त दिसतं. लॅपटॉपच्या कंपनीने नेमक्या त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर विंडोज जास्त ‘जुळणारा’ मानतं, मग तो जुना का असेना. डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये आपोआप ड्रायव्हर घेण्याला ‘नाही’ म्हणा. तेवढ्याने भागलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट लपवण्याच्या साधनाने तो ठरावीक अपडेट लपवा.

लॅपटॉपमध्ये दमदार कार्ड आहे, पण गेम रांगतो.

गेम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर चालला असणार. टास्क मॅनेजरमध्ये कोणता जीपीयू, म्हणजे कोणती ग्राफिक्स चिप, राबतोय ते दिसतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. एवढं करूनही वेग कमी वाटला तर लॅपटॉपला मक्स स्विच आहे का पाहा. तो नसेल किंवा बंद असेल, तर मोठ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्समधून वळसा घेऊन पडद्यावर येते. आणि हो, चार्जर लावलेला असू द्या.

डीएक्सडायग म्हणतं डायरेक्टएक्स १२, गेम म्हणतो कार्ड चालणार नाही. खरं कोणाचं?

दोघांचंही. डीएक्सडायग हे विंडोजमधलं तपासणीचं साधन. त्याच्या पहिल्या पानावरचा १२ विंडोजचा आहे, कार्डाचा नव्हे. डिस्प्लेच्या पानावर ‘फीचर लेव्हल्स’ अशी ओळ असते, ती वाचा. डीएक्स १२ हे ११.० फीचर लेव्हलच्या जुन्या कार्डांवरही चालतं, पण गेमला १२.१ किंवा १२.२ पातळी लागत असेल तर ते कार्ड बाद.

१२.२ म्हणजेच डीएक्स १२ अल्टिमेट: रे ट्रेसिंग, मेश शेडर वगैरे सोयी कार्डातच असणं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २० मालिकेत त्या २०१८ पासून आहेत, एएमडीकडे २०२० च्या आरएक्स ६००० मालिकेपासून. मधली आरएक्स ५००० मालिका त्यात बसत नाही. म्हणून आरएक्स ५७०० एक्सटीसारखं ताकदीचं कार्ड काही नव्या गेमना चालत नाही आणि त्याहून हळू आरटीएक्स २०६० चालतं. जुनं कार्ड विकत घेताना हे आधी तपासा.

गेम डीएक्स ११ आणि १२ दोन्ही देतो. कोणतं निवडू?

मोठा आकडा म्हणजे चांगला, असं नाही. डीएक्स १२ चा मुख्य फायदा प्रोसेसरकडे आहे. चित्र काढण्याचे हजारो हुकूम तयार करण्याचं काम अनेक कोअरमध्ये वाटता येतं. गेम प्रोसेसरपाशी अडत असेल, म्हणजे फ्रेमरेट कमी आहे आणि तरी ग्राफिक्स कार्ड साठ-सत्तर टक्केच राबतंय, तर डीएक्स १२ ने फरक पडण्याची शक्यता चांगली. कार्ड आधीच पूर्ण ताकदीने चाललं असेल तर फरक नगण्य, कधी उलटाही.

दुसरा मुद्दा मेमरीचा, आणि तो कमी बोलला जातो. डीएक्स ११ मध्ये कार्डाची मेमरी भरली तर न लागणारी टेक्सचर बाजूला सारण्याचं काम ड्रायव्हर करतो. डीएक्स १२ मध्ये विंडोज गेमला मर्यादा सांगतं आणि तिच्यात बसायचं कसं ते गेमने पाहायचं. हे काम जेमतेम केलेल्या गेममध्ये चार किंवा सहा जीबीच्या कार्डावर डीएक्स १२ धक्के देतो आणि डीएक्स ११ शांत चालतो. कमी मेमरीचं कार्ड असेल तर मी सुरुवात ११ ने करेन.

तिसरा मुद्दा: गेम मुळात कशासाठी लिहिला? डीएक्स ११ वर बांधलेल्या जुन्या इंजिनला नंतर १२ चं ठिगळ लावलं असेल तर ११ च बरं. नव्या गेममध्ये बहुधा उलट असतं, ११ हा मागे उरलेला, फारसा न तपासलेला पर्याय असतो.

शेवटी मोजून पाहा. एकच सेव्ह, एकच रस्ता, दोन फेऱ्या. पहिली फेरी सोडून द्या, कारण तेव्हा शेडर तयार होत असतात. दुसऱ्या फेरीत सरासरीसोबत ‘एक टक्का लो’, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, हा आकडाही बघा. हात ज्या धक्क्यांवर वैतागतो ते सरासरीत दिसत नाहीत. मोजायला इंटेलचं प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स आहे, दोन्ही फुकट.

आणि वल्कन?

वल्कनचं मूळ एएमडीच्या मँटलमध्ये. २०१३ साली जाहीर झालेलं ते एपीआय पुढे क्रोनोस या संघटनेकडे गेलं आणि २०१६ च्या फेब्रुवारीत वल्कन म्हणून बाहेर आलं. त्याच वर्षी मे महिन्यात ‘डूम’ ओपनजीएलवर आला आणि जुलैत त्याला वल्कनचा पर्याय मिळाला. एएमडीच्या कार्डांवर वेगात मोठी उडी दिसली, कारण एएमडीचा तेव्हाचा ओपनजीएल ड्रायव्हर कमकुवत होता. त्या उडीतला बराच वाटा ड्रायव्हरची अडचण टळण्याचा होता. दर गेममध्ये वल्कन तसाच चमत्कार करेल ही अपेक्षा तिथूनच पसरली असावी.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये वल्कन आणि डीएक्स १२, ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये वल्कन आणि डीएक्स ११ असे पर्याय आहेत. तिथे दोन्ही करून पाहण्यात काहीच जात नाही.

फक्त वल्कनचेच गेम बंद पडत असतील तर एक खास संशयित आहे: ओव्हरले, म्हणजे गेमच्या चित्रावर दुसऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेला थर. रेकॉर्डिंगची आणि चॅटची सॉफ्टवेअर वल्कनमध्ये स्वतःचा ‘लेयर’ घुसवतात. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी त्याची नोंद कधी कधी मागे राहते. आधी सगळे ओव्हरले बंद करून पाहा.

एपीआय बदलला आणि आता गेम उघडतच नाही.

स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या लाँच ऑप्शन्समध्ये जुना पर्याय जबरदस्तीने सांगा. अनरियल इंजिनच्या गेमना उणे चिन्ह देऊन लगेच ‘डीएक्स११’ असं रोमन अक्षरांत लिहिलेलं बहुधा समजतं. नाहीच चाललं तर डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटामधली गेमची सेटिंग्जची फाइल दुसरीकडे हलवा, गेम ती नव्याने बनवेल. सेव्हच्या फाइली शेजारीच असतात, त्यांना हात लावू नका.

नव्या जागी गेलं की, किंवा पहिल्यांदा स्फोट झाला की, गेम अडखळतो. दुसऱ्यांदा नाही. ड्रायव्हर खराब आहे का?

नाही. तो शेडर कंपाइल होतानाचा धक्का आहे. गेमने आधी तयारी केलेली नसेल तर स्फोटाचा शेडर ऐन स्फोटाच्या क्षणी तयार होतो आणि फ्रेम थांबते. तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो, म्हणून दुसऱ्यांदा सुरळीत. गेम सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ म्हणून पाच मिनिटं घेतो ना, ती घेऊ द्या. कंटाळून बंद केलंत तर तेच काम खेळताना हप्त्याहप्त्याने होईल.

नवा ड्रायव्हर टाकला की हा साठा बाद होतो. त्यामुळे अपडेटनंतरच्या पहिल्या तासावरून ड्रायव्हरला नावं ठेवू नका. संगणक ‘साफ’ करणारी सॉफ्टवेअरही हा साठा पुसतात आणि मग गेम रोजच पहिल्या दिवसासारखा अडखळतो. डिस्कवर जागा असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशची मर्यादा १० जीबी करा.

स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग संगणकावर हा त्रास कमी जाणवतो, कारण सगळ्यांचं हार्डवेअर सारखं असल्याने तयार शेडर आधीच पाठवता येतात. प्रत्येकाचं कार्ड आणि ड्रायव्हर वेगळा असलेल्या पीसीवर ते इतकं सोपं नाही.

एकाच जागी दर वेळी धक्का बसत असेल तर ते शेडरचं प्रकरण नव्हे. तिथे गेम नकाशाचा पुढचा भाग लोड करतोय. त्यावर तुमच्या हाती फारसं काही नाही.

जुना गेम ‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल सापडत नाही’ म्हणतो. माझ्याकडे तर डायरेक्टएक्स १२ आहे!

ती फाइल डायरेक्टएक्सच्या गाभ्यातली नाही, जोडीला येणाऱ्या जुन्या मदतनीस फाइलींपैकी आहे. मायक्रोसॉफ्टचा जून २०१० चा डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम टाका, काम होईल. एकेक डीएलएल फुकट देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका.

इंटेलच्या आर्क कार्डांवर जुने डीएक्स ९ गेम रेंगाळत असतील तर आधी ड्रायव्हर नवा करा. २०२२ मध्ये ही कार्डं आली तेव्हा त्यांच्यासाठी डीएक्स ९ चा स्वतंत्र ड्रायव्हर नव्हता, सगळं डीएक्स १२ मध्ये रूपांतरित होऊन चालायचं. २०२३ च्या सुरुवातीपासून ते बरंच सुधारलं. बायोसमध्ये रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू हवा, त्याशिवाय आर्क कार्डं लंगडतात.

माझ्या कार्डाला नवे ड्रायव्हर येणं थांबलं. आता?

आहे ते गेम चालत राहतील. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० या मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर थांबवले, सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८ पर्यंत देण्याचं सांगितलं आहे. एएमडीने जीसीएन या आपल्या जुन्या रचनेच्या कार्डांच्या पहिल्या तीन पिढ्या २०२१ मध्येच सोडल्या. अशा कार्डावर शेवटचा अधिकृत ड्रायव्हर जपून ठेवा आणि नव्या गेममध्ये पर्याय असेल तर डीएक्स ११ पसंत करा. हौशी लोकांनी बदल करून फिरवलेले ड्रायव्हर असतात. ते थेट विंडोजच्या गाभ्यात चालतात, तेव्हा कोणाचा कोड तिथे घालतोय याचा विचार करा.

लिनक्सवर काय निवडायचं?

गेम स्वतः वल्कन देत असेल तर वल्कन, कारण बाकी सगळं शेवटी वल्कनमध्येच जातं. स्टीमवाल्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमध्ये डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्ट३डी ८ ते ११ चं वल्कनमध्ये रूपांतर करतो आणि व्हीकेडी३डी-प्रोटॉन डीएक्स १२ चं. एएमडी आणि इंटेलसाठी मेसा हा मुक्त ड्रायव्हर तुमच्या लिनक्स वितरणासोबतच (उबुंटू, फेडोरा वगैरे) येतो. एनव्हिडियाचा वेगळा टाकावा लागतो, आणि तो कंपनीच्या साइटवरून न घेता वितरणाच्या भांडारातून घ्या, नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटला पडदा काळा होईल.

मी स्वतः गेम बनवतोय. कोणत्या एपीआयपासून सुरुवात करू?

गेम पूर्ण करायचा असेल तर कोणत्याही नाही. तयार इंजिन घ्या आणि एपीआयचा प्रश्न त्याच्यावर सोपवा. इंजिनच लिहायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. वल्कनमध्ये पडद्यावर एक त्रिकोण काढायला हजाराच्या आसपास ओळी लागतात, आणि त्यातली प्रत्येक ओळ ड्रायव्हर पूर्वी गुपचूप काय काय करायचा हे शिकवते. शिकायला उत्तम, वेळेत काही दाखवायचं असेल तर घातक. एकट्यादुकट्याने विंडोजपुरतं लिहायचं तर डीएक्स ११ अजूनही अगदी शहाणपणाची निवड आहे. अनेक प्रणालींवर जायचं असेल तर २०२५ मध्ये पक्क्या स्वरूपात आलेल्या एसडीएल ३ या लायब्ररीतला जीपीयू विभाग बघा, तो खाली वल्कन, डीएक्स १२ किंवा मेटल (ॲपलचं एपीआय) वापरतो. ओपनजीएलची शेवटची आवृत्ती ४.६, तीही २०१७ ची, आणि ॲपलने २०१८ पासून त्याला निवृत्तीच्या यादीत टाकलं आहे. शिकवण्या मुबलक म्हणून तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण मोठा प्रकल्प त्यावर उभारू नका.

वल्कन किंवा डीएक्स १२ घेतलंत तर पहिल्या दिवसापासून व्हॅलिडेशन आणि डीबग लेयर, म्हणजे एपीआय चुकीचं वापरलं की इशारा देणारे थर, चालू ठेवा. तुमच्या कार्डावर नीट चाललेला चुकीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या कार्डावर कोसळतो आणि खेळणारे ड्रायव्हरला शिव्या देतात. म्हणून गेम बाहेर सोडण्याआधी तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालवून पाहा, निदान एखाद्या अंगभूत ग्राफिक्सवर तरी.